भिंतीवरचे सहा चमचे

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी साऱ्या केज तालुक्यात एकही भिंत कोरी सोडलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. उभी हयात त्यांनी हिवतापाच्या खात्यात काढली. घरोघर जायचं, "ताप आलाय का कुणाला?" विचारायचं, असला तर बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि निघताना दाराशेजारी गेरूनं भेटीची तारीख लिहायची. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांच्याकडून सगळं सामान जमा करून घेतलं, फक्त गेरू मागायचा राहून गेला. पुढचं सगळं महाभारत त्या गेरूनं घडवलं.

शाळेत दातांची तपासणी होती, तिथं मामा डॉक्टरीणबाईंच्या मदतीला म्हणून गेले आणि सातवीतल्या पोरांच्या किडलेल्या दाढा पाहून आले. दोन दिवस जेवले नाहीत, असं मामी सांगतात. मामा म्हणतात, एकच दिवस. मग त्यांनी थंड्याच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं भिंगातून वाचली, तेवढी साखर चमच्यानं मोजली, आणि ज्या ज्या दुकानात फ्रीज होता त्याच्या भिंतीवर लिहून टाकलं : 'लहान बाटली. साखर सहा चमचे. भेट दिली.' खाली तारीख आणि सही. दुकानदार पुसायचे, मामा पुन्हा भेट द्यायचे. स्टँडवर एखादा पोरगा बाटलीचं झाकण फिरवायला लागला की मामा त्याच्यापुढं हजर. "कावून पितो रे? तहान हाय का हौस?" एकानं खरं सांगितलं, "हौस हाय मामा." मामा म्हणाले, "मग गाणं म्हण. हौस फिटती अन् दाढ बी किडत न्हाई." पोरगा इरसाल निघाला. त्यानं बाटली बाकावर ठेवून दोन कडवी म्हटली, मामांनी मान डोलावून ऐकली, आणि मग तो निवांतपणे थंडा प्यायला.

मी त्या घरचा जावई. आमच्याकडं जावयाला नुसत्या चहावर बसवणं म्हणजे त्याचा पाणउतारा. त्याला थंडाच लागतो, तोही तबकात. एकदा सासूबाईंनी नारिंगी थंडा आणून माझ्यापुढं ठेवला. मामा उठले, स्वयंपाकघरातून साखरेचा डबा आणला, सहा चमचे बशीत मोजले आणि बशी ग्लासाला टेकवून ठेवली. "जावईबापू, कोरडी घेता का ओली?" मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या भावाकडं पाहत होत्या. त्या दिवशी मी दोन्ही तशीच ठेवून साधं पाणी मागितलं, आणि ते दोघांनाही आवडलं नाही.

आता खरी गोम सांगतो. या सासूबाई म्हणजे मामांची सख्खी धाकटी बहीण. सासरे गेल्यावर त्यांनी नांदूरघाटाजवळच्या मामांच्याच गावात, बरोबर शाळेच्या गेटासमोर, किराणा दुकान टाकलं. आणि त्या दुकानातला फ्रीज केजहून टेम्पोत बसून, वाटेत दोरी सुटली तेव्हा स्वतः पाठ लावून, कुणी आणला? मामांनीच. त्यामुळं पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मामा उभे राहिले आणि 'शाळेसमोर गोड थंडा विकू नये' असा ठराव मांडला, तेव्हा मागून कुणीतरी टोला हाणलाच, "मामा, त्यो फ्रीज कुणी आणलाय?"

"मीच," मामा म्हणाले. "चूक माझी हाय. म्हणून तर उभा ऱ्हायलोय."

सभा हसली. सासूबाई हसल्या नाहीत. पदर सावरून त्या उठल्या. "करा ठराव. माझं काय म्हणणं न्हाई. पण दुपारच्या सुट्टीत पोरं माझ्याकडं येत्यात. शाळंच्या टाकीतलं पाणी तवर चहावानी तापलेलं असतंय. त्यास्नी प्यायला काय देऊ? भिंतीवरचे आकडे?"

ठराव मंजूर झाला. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्या रंगीत बाटल्या काढून फ्रीजमध्ये दूध-दही ठेवलं आणि भावाशी बोलणं बंद केलं. पुढं आठवड्यानं आलेली राखीसुद्धा शेजारणीच्या हाती पाठवली.

ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मामा दुकानासमोर एक रांजण घेऊन आले. तो वाळूत बसवला, वर ओलं फडकं गुंडाळलं आणि हापशावरून दोन कळश्या आणून ओतल्या. मग हे रोजचंच झालं. गुडघे कुरकुरायचे, पण मामा येत राहिले. बहीण गल्ल्यावर बसून तूर निवडायची, भाऊ चार हातांवरच्या रांजणात पाणी ओतायचा, आणि दोघांमध्ये एक अक्षर नाही. येता-जाता मी अर्थातच दोन्हीकडचा हेर होतो. सासूबाई विचारायच्या, "गुडघ्याला तेल लावतो का त्यो?" मामा विचारायचे, "दुकान चालतंय का तिचं?" मी दोघांनाही मनाला येईल ते सांगायचो.

पोरं पाणी प्यायला लागली. सगळी नाही. दहावीची टोळी थंड्यासाठी थेट स्टँड गाठायची. मी हे मामांच्या कानावर घातलं, जरा खोडसाळपणेच. ते म्हणाले, "जाऊ द्या. तेवढं चालत्यात तरी."

दिवाळीला मी सासुरवाडीला गेलो. शाळेला कुलूप, रस्ता मोकळा. मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर मामा कळशी घेऊन हापशाकडून येत होते, दर चार पावलांना थांबत. रांजणात पाणी ओतून ते वळले, तेवढ्यात दुकानातून आवाज आला.

"आज शाळंला सुट्टी हाय, दादा."

मामा रिकामी कळशी धरून उभेच राहिले. "ठाव हाय."

"मग?"

"मग काय. तू रोज दिसतीस इथं."

सासूबाईंनी तूर निवडायचं सूप बाजूला ठेवलं आणि पायरीवर पोतं अंथरलं. मामा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू बसले. अडीच महिन्यांचं साठलेलं होतं : कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या लेकीचं जमलं, कोण वारलं. मी पिशवी घेऊन रस्त्याच्या पलीकडं उभा. दिवाळसणाचा जावई, नव्या कपड्यांतला, पण या बसा म्हणायची दोघांनाही शुद्ध नव्हती. मीही हाक मारली नाही. ऊन चांगलं वर आलं, तरी त्यांचं बोलणं चालूच होतं.