तेराचा पाढा आणि आमचा लीडरशिप कोर्स

शाळेत मुलांनी विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या साठतात ना, तसे मुख्याध्यापकाकडे किस्से साठतात. टाकवत नाहीत आणि न्यायला कोणी येत नाही! त्यात यंदा आम्ही ‘शालेय नेतृत्वाची मूलतत्त्वे’ नावाचा ऑनलाइन कोर्स केला. मग काय, कपाटच भरलं.

गट तिघांचा. मी गांधीबागेजवळच्या शाळेचा मुख्याध्यापक. काटोलचे राऊत सर, म्हणजे तीस वर्षांची नोकरी आणि त्याहून मोठा आवाज. आणि बुटीबोरीकडच्या सुनंदा भोयर मॅडम, नुकत्याच मुख्याध्यापिका झालेल्या. शिकवायला पुण्याच्या एक मॅडम, अतिशय गोड बोलणाऱ्या.

पहिल्याच दिवशी तिघेही एकदम बोलू लागलो. माइक बंद कोण करणार? आमच्यासमोर नेहमी दुसरे गप्प बसतात! शेवटी राऊत सरांनी प्रार्थनेच्या मैदानावरचा आवाज काढला, “शांत बसा!” सगळे गप्प. पुण्याच्या मॅडमसुद्धा.

मग त्या हळूच म्हणाल्या, “सर, नेतृत्वाची पहिली पायरी म्हणजे ऐकणं.”

“ऐकूनच तर राहिलो, मॅडम,” राऊत सर म्हणाले, “बोलता बोलता!”

पुढे एकाच ऑनलाइन कागदावर तिघांनी मिळून ‘माझ्या स्वप्नातली शाळा’ लिहायची होती. मी रात्री माझा परिच्छेद टाईप केला आणि झोपलो. सकाळी बघतो तर सगळा लाल! राऊत सरांनी आम्हा दोघांचं लिखाण तपासून ठेवलेलं. मला दहापैकी सहा, सुनंदा मॅडमना साडेसहा. माझ्या टाईप केलेल्या मजकुराखाली शेरा होता, ‘अक्षर सुधारा’.

मी फोन केला, “सर, हे काय?”

“सवय आहे गा! लाल रंग दिसला का हात थांबत नाही.”

बरं, पुण्याच्या मॅडमनी वर दिलेल्या सूचनाही त्यांनी सोडल्या नव्हत्या. त्यांना सात.

मग आली चाचणी. तिघांनाही सारखेच गुण, आणि तिघांचाही तोच एक प्रश्न चुकलेला, तोही त्याच चुकीच्या उत्तराने! आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडलेले आम्ही तिघं स्क्रीनवर खाली माना घालून बसलो.

“हे कसं झालं असावं?” मॅडमनी विचारलं.

राऊत सर ताठ झाले. “तुम्हीच म्हणता ना मॅडम, सहयोगी अध्ययन करा म्हणून! पुरं मनापासून केलं.”

एक धडा जबाबदाऱ्या वाटून देण्याचा होता. मी उत्साहाने एका दिवसात सगळं वाटून टाकलं. परिपाठ एकाकडे, वेळापत्रक दुसऱ्याकडे, पालकांच्या तक्रारी तिसरीकडे. आणि खुर्चीत निवांत बसलो. दुपारी संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, “काहून गा, तब्येत बरी आहे ना?” संध्याकाळी स्टाफरूमवरून जात होतो तर आत माझ्या निरोप समारंभाची शाल कोणत्या रंगाची घ्यायची, यावर वाद चाललेला. दुसऱ्या दिवशी परिपाठ मीच घेतला.

पण खरी परीक्षा होती ती सुनंदा मॅडमची.

त्या ज्या शाळेत शिकल्या, त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांना गणित शिकवणारे ढोबळे सर अजून तिथेच! सेवाज्येष्ठतेने खुर्ची सरांचीच होती, पण त्यांनी नको म्हणून लिहून दिलं. आता रिटायरमेंटला एकच वर्ष उरलेलं. मॅडम रोज सकाळी त्यांच्या पाया पडायच्या, आणि सर सगळ्यांसमोर म्हणायचे, “काय वं सुने, डबा आणला का?”

तिथवर ठीक होतं. पण सर हल्ली रोज उशिरा यायचे, चहा पिऊन, रमतगमत. त्यांचं पाहून बाकीचेही रेंगाळायला लागले. पहिल्या तासाला पोरं वर्गात आणि मास्तर टपरीवर.

“नोटीस द्या,” राऊत सरांनी सांगून टाकलं.

“ज्याईनं मले पाढे शिकवले, त्याईले नोटीस देऊ?” सुनंदा मॅडम म्हणाल्या. “सर तेव्हा उशिरा आलेल्या पोराले दारात उभं करून तेराचा पाढा म्हणायले लावत. मी दरवेळी तेरा सातीवर अडकत होती. मग ते म्हणत, ‘बस खाली. उद्या पाठ करून ये.’ त्या माणसाले मी काय बोलू? नाही जमलं तर मी खुर्ची परत देऊन टाकते.”

आम्हाला वाईट वाटलं. बाई हुशार, शाळेवर जीव, आणि घोडं अडलं होतं ते एका नमस्कारापाशी.

शेवटचं प्रात्यक्षिक होतं स्टाफ मीटिंग. प्रत्येकाने आपल्या शाळेत घ्यायची आणि गटातल्यांनी ऑनलाइन पाहायची. सुनंदा मॅडमनी मोबाईल टेबलावर उभा केला. विषय एकच, वेळेवर येणं. मीटिंग सुरू झाली आणि अर्ध्यात दार उघडलं. ढोबळे सर!

सगळा स्टाफ सवयीने उभा राहिला. मॅडमही अर्धवट उठल्या, आणि परत खाली बसल्या. राऊत सरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून माइक बंद केला.

“सर,” मॅडम म्हणाल्या. आवाज कापत होता. “तेराचा पाढा.”

ढोबळे सरांनी एकदा मॅडमकडे पाहिलं. मग दारातच उभे राहिले, हाताची घडी घातली आणि सुरू झाले. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, खणखणीत. तेरा पाचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साती...

तेरा साती...

सर थांबले. उभी हयात गणित शिकवलेला माणूस छताकडे बघत राहिला.

“बसा सर,” सुनंदा मॅडम म्हणाल्या. आता आवाज कापत नव्हता. “उद्या पाठ करून या.”

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी मॅडम शाळेत पोचल्या, तर त्यांच्या ऑफिसच्या दारात ढोबळे सर हाताची घडी घालून उभे. मॅडम पाया पडायला वाकणार, तोच सर म्हणाले,

“तेरा साती एक्क्याण्णव, मॅडम.”