हिरवट स्पिरिट

सर आज सकाळी गेले. मला रडू आलं नाही.

सकाळपासून फेसबुकवर सगळे लिहून राहिले, देवमाणूस, किड्यांचा वेडा.
वेडा म्हणा. देवमाणूस नका म्हणू.

आमची लॅब गुहेतल्या भुंगेऱ्यांची. सातपुड्यातल्या सहा गुहा.
सरांनी जन्मभर सांगितलं, सगळ्या गुहांत एकच जात आहे.
लॅबमधली माझी मैत्रीण सुनंदा म्हणायची, नाही. एका गुहेत डोळे बारके, दुसरीत डोळेच नाहीत, तिसरीत पाय लांबच लांब. अंधारात वेगवेगळे कोंडले गेले, म्हणून वेगवेगळे झाले.

चार वर्षं वटवाघळांच्या लेंड्यांतून सरपटत तिनं ते भुंगेरे जमवले. चाळीस बाटल्या.

प्रत्येक बाटलीतल्या स्पिरिटमध्ये गुहेच्या नावाची चिठ्ठी असते. पेन्सिलनंच लिहायची, पेनची शाई विरघळते. हे पहिल्या दिवशी शिकवतात.

सुनंदाला ताप होता. "चिठ्ठ्या जुन्या झाल्या, तेवढ्या बदलून टाक वं," म्हणाली.
मला पेन्सिल सापडली नाही. हातात हिरवं बॉलपेन होतं. आळस केला.

सुनंदानं थिसिस द्यायच्या तोंडावर सरांनी कपाट उघडलं. चाळीसही चिठ्ठ्या कोऱ्या.

"काहून वं, आता पाय पाहून गुहा सांगशीन? आन त्याच पायांवर थिसिस लिहिशीन?" सर तिला म्हणाले.
सगळे हसले. मीही हसले.

मग तिच्याच हातानं सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये ओतायला लावल्या.
ती माझ्याकडे पाहत होती. मी बेसिनकडे.

सुनंदानं माझं नाव घेतलं नाही. सरांनी लॅबमधून काढलं, ती परत आलीही नाही. आता नागपुरात सीताबर्डीला कुर्त्यांच्या दुकानात काउंटरवर असते. ते दुकान टाळायला मी व्हरायटी चौकातून वळसा घालून जाते.

मागच्या महिन्यात दवाखान्यात सरांना सांगून टाकलं. चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या.

"मले माहीत होतं," सर म्हणाले. "स्पिरिट हिरवट दिसून राहिलं होतं. हिरवं पेन लॅबमध्ये तुह्यंच होतं."

"मग तिला काहून काढलं, सर?"

"तिचं खरं निघालं असतं."
आणि वर म्हणाले, "तुह्यं काही खरं निघणार नव्हतं, म्हणून तुले ठेवलं."

माझ्या पीएच.डी.च्या थिसिसवर त्यांची सही आहे. ते पान भिंतीवर फ्रेम करून लावलं आहे.

सर, या आता. शेवटचा नमस्कार.

सुनंदा, तुला टॅग केलं आहे. खाली काय लिहायचं ते लिही. मी डिलीट करणार नाही.