पाच पॉइंट कमी

गाडीत स्टिअरिंगमागे तो पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मला त्याचा अर्थही कळला नव्हता. कढईत उद्गारचिन्ह उभं केल्यासारखं चित्र. पुस्तिकेत पाहिलं, तर चाकात हवा कमी झाल्याची सूचना. एवढंच ना, म्हणून सोलापुरातून बाहेर पडताना पंक्चरवाल्याकडे थांबले, चारी चाकांत तेहतीस हवा भरून घेतली आणि बार्शीला कॉलेजात शिकवायला गेले. दिवा विझला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर.

पंधरा दिवस हा छळ चालला होता. पंक्चरवाल्याने चारी चाकं काढून पाण्यात बुडवून पाहिली. "म्याडम, एक बुडबुडा न्हाय. टायर खणखणीत हायेत," म्हणाला. शोरूममधल्या टायवाल्या साहेबांनी "सेन्सर इश्यू" म्हणून गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि पुसून परत दिली. सकाळी दिवा होताच. परीक्षेच्या दिवशी हवा भरण्याच्या भानगडीत मी वीस मिनिटं उशिरा पोचले, तर प्राचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, रोज एकच कारण कसं चालेल?" रागाने डोळ्यांत पाणी आलं. त्यात मेचं ऊन. वाटेत टायर फुटला तर, ही धाकधूक वेगळीच.

मग एके दिवशी सकाळचा पेपर होता म्हणून साडेपाचलाच अंगणात आले. अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. हातात काडी, आणि चाकातून फुस्स आवाज.

"अण्णा, काय करताय?"

"हवा कमी करतोय," ते मान वर न करता म्हणाले. "लई ऊन हाय. हवा तापली की फुगती. पाच पॉइंट कमी बरी."

मी सगळं सोलापूर पालथं घातलं होतं आणि दिव्याचं कारण अंगणात बसलं होतं.

अण्णांनी पंचवीस वर्षं ट्रक चालवला. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, हे त्या पिढीतला कुठलाही ड्रायव्हर सांगेल. त्यात अण्णांचं वेगळं कारण होतं. मी शाळेत असताना, अशाच मे महिन्यात, मोडनिंबच्या पुढे त्यांच्या ट्रकचा पुढचा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून गेली. शेजारी बसलेला त्यांचा जोडीदार जागीच गेला. दोघं आळीपाळीने गाडी चालवायचे, एका डब्यात जेवायचे. ती गोष्ट सांगताना अण्णा दरवेळी शेवटी म्हणायचे, "निघताना तीन पॉइंट कमी केली हुती, तरी फुटला. भरून ठेवली असती तर मीबी गेलो असतो." तेव्हापासून ते तीनाऐवजी पाच कमी करतात. डोळ्यांनी दगा दिल्यापासून गाडी चालवत नाहीत, पण माझ्या गाडीची काळजी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. मला न सांगता.

हे सगळं मला त्या सकाळी कळत होतं, तरी माझा तोल गेला. "उलटं असतं अण्णा! हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि मग फुटतो. रोज मला मरायला पाठवताय तुम्ही!"

"पुस्तकातलं मला सांगू नगंस," ते म्हणाले. "माझा हात हाय की."

तो हात मला ठाऊक होता. ट्रक थांबला की उतरून प्रत्येक टायरवर तळवा ठेवायचा, ही त्यांची तपासणी. ठीक आहे, म्हटलं, हातालाच विचारू. त्या दिवशी पंक्चरवाल्याकडे तीन चाकं भरून घेतली आणि पुढचं डावं अण्णांनी ठेवलं तसंच ठेवलं. दिवा लागलेलाच होता. जाता-येता जीव मुठीत धरून, हळू चालवत गेले. असला मूर्खपणा मी पुन्हा करणार नाही, पण त्या दिवशी मला जिंकायचं होतं.

दुपारी गाडी अंगणात लावली आणि अण्णांना हाक मारली. "ठेवा हात. दोन्ही पुढची चाकं एकाच उन्हातून आलीत. उजवं भरलेलं आहे. डावं तुमचं."

त्यांनी उजव्यावर हात ठेवला. मग डाव्यावर ठेवला आणि चटकन उचलला. पुन्हा उजव्यावर. पुन्हा डाव्यावर.

"पटलं का आता?" मी म्हणाले. पंधरा दिवसांचा सगळा राग त्या शब्दांत होता.

अण्णा तिथेच चाकापाशी खाली बसले. हात त्या तापलेल्या टायरवरच होता.

"म्हंजी त्या दिवशी," ते म्हणाले, "त्याला मीच मारलं की."

मी काय केलंय ते मला तेव्हा कळलं. मी घाईघाईने म्हणाले, तसं नाही अण्णा, टायर जुना असेल, रस्ता खराब असेल, नुसत्या तीन पॉइंटांनी काय होतंय. ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले आणि भिंतीला धरून आत गेले.

दिवा त्यानंतर लागलेला नाही. सकाळी निघताना मी अजून आधी तिकडेच बघते. अण्णा आता गाडीजवळ येत नाहीत.