ह्यांचं शेवटचं विमान

आमच्या ह्यांनी निवृत्तीआधी वैमानिक म्हणून शेवटचं विमान नेलं, तेव्हा माझ्यासाठी राखलेली जागा सोडून मी रुसून घरी बसले. जन्मभर दिवाळीला हे आभाळात. म्हटलं, आज कळू दे वाट पाहणं काय असतं! वय सत्तावन्न, अक्कल सतराची.

आज गॅलरीत आम्ही मटार सोलत होतो. वरून विमान गेलं. ह्यांची मान वर झाली. आवाज विरेपर्यंत शेंग तशीच बोटांत. आता हेही माझ्यासारखेच खालून पाहतात. वर मला एकदाच बोलावलं होतं.

त्या संध्याकाळी टोपी काढत हे म्हणाले, "अगं, घोषणा करताना मी तुझं नाव घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू आली नाहीस, हे मी कुणाला सांगितलंच नाही."