राणे परळ, पोट आत घेते

आमच्या दुकानाचं सॉफ्टवेअर बदलताना एकाही ग्राहकाची माहिती हरवली नाही, हे आधीच सांगून ठेवते. थोडीफार हरवली असती तर बरं झालं असतं.

माझी आई गिरगावात शिवलेल्या नऊवारी साड्या विकते. चाळीतली तळमजल्याची खोली हे तिचं दुकान. ज्या बायकांना परकरासारखी झटकन नऊवारी अडकवून मिरवणुकीला पळायचं असतं, ती तिची गिऱ्हाइकं. आठ वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ प्रसाद याने तिला एक ऑनलाइन दुकान करून दिलं आणि तो जर्मनीला निघून गेला. दुकान तसंच राहिलं. श्रावणाच्या तोंडावर ते आजारी पडलं. साडी निवडून पैसे भरायचं बटण दाबलं की बाई परत पहिल्या पानावर! आईला वाटायचं, यंदा बायकांचं मन ठरत नाहीये.

मग ते दुकान पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. सॉफ्टवेअर फार जुनं झालंय, महिनाअखेरीपर्यंत नवं घ्या, नाहीतर दुकान बंद. मी प्रसादला फोन केला. तो म्हणाला, "ताई, कोणाकडून तरी करून घे. तू हात लावू नकोस."

आता मी परळच्या एका शाळेत संगणक शिकवते. (आठवीपर्यंत. त्यातही जास्त वेळ, कोणी माऊसमधला गोळा काढून नेला हे शोधण्यात जायचा. आता माऊसला गोळा नसतो, त्यामुळे शोधण्यासारखंही काही उरलेलं नाही.) असं असताना हात लावू नकोस म्हणजे काय? मी आईला सांगितलं, एका रविवारचं काम आहे.

आईची एकच अट होती. "रंग बदल, फोटो बदल, काय वाटेल ते कर. माझ्या बायका हरवायच्या नाहीत."

तिच्या बायका म्हणजे सहाशे चाळीस ग्राहक, त्यांचे पत्ते आणि त्यांची मापं. मी आधी बॅकअप घेतला. मग त्या बॅकअपचा बॅकअप घेतला आणि तो बाबांच्या हातात दिला. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी तो पेनड्राइव्ह रजिस्टर्ड पत्रासारखा कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. दुपारी तीनपर्यंत सगळी माहिती नव्या दुकानात गेली. आधी सहाशे चाळीस, नंतरही सहाशे चाळीस. नमुना म्हणून मी पहिली तीन नावं उघडून पाहिली. ती प्रसादने आठ वर्षांपूर्वी चाचणीसाठी घातलेली होती: अ, ब आणि क. तिन्ही सुखरूप होती. तेवढ्यात नव्या दुकानाने विचारलं, ग्राहकांना कळवायचं का? मी 'हो' दाबलं. बटण दाबण्याआधी वाचा, असं मी वर्गात दर आठवड्याला सांगते.

पहिला फोन माहीमच्या सावंतबाईंचा आला. आईला वाटलं, अभिनंदनाचा असणार, म्हणून तिने स्पीकर लावला. सावंतबाई शांत आवाजात म्हणाल्या की मेल आधी त्यांच्या यजमानांनी उघडला आणि ते मघापासून गॅलरीत जाऊन बसलेत. मग त्यांनी मेल वाचून दाखवला.

"प्रिय सावंत माहीम नवरा बरोबर येतो त्याला लांब बसवणे, आपलं आमच्या नव्या दुकानात मनःपूर्वक स्वागत आहे."

मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत नव्हती.

झालं होतं असं. आईच्या यादीत सात सावंत होत्या आणि अकरा पाटील. ओळखायला सोपं जावं म्हणून ती नावापुढे खुणा लिहायची. जुन्या दुकानात त्या जागी लिहिलेलं फक्त तिलाच दिसायचं. नव्या दुकानाने मात्र त्यालाच नाव समजून प्रत्येकीला प्रेमाने हाक मारली होती. आम्ही यादी उघडली. बाबा चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले. पाटील दादर, तीनदा उसवून घेते. पाटील काळाचौकी, हसली की दोन इंच वाढते, हसवू नये. जोशी, सून बरोबर असताना कंबर बोलू नये. प्रत्येक नावाला बाबा "असं?" म्हणत होते आणि आई "पुढे वाचा" म्हणत होती. एका ओळीपाशी आईने पुढे वाचा म्हणायची घाई केली, म्हणून मी वाकून पाहिलं. तिथे माझंच नाव होतं. उंची बेताची, मान्य करत नाही, काष्टा दोन बोटं वर घेणे.

मी तो विषय वाढवला नाही. फोन सारखा वाजत होता. मी सुचवलं, आपण सांगू या की कोणीतरी आपलं दुकान हॅक केलं आणि हे भलतंसलतं लिहिलं.

"चोराला कोण किती इंच वाढते ते कुठून कळणार?" आई म्हणाली. "मीच लिहिलंय. मीच बोलेन."

आणि ती बोलली. त्या संध्याकाळपासून पुढचे दोन दिवस तिने खुणा असलेल्या एकेकीला फोन केले. बाबा यादीवर टिकमार्क करत होते. मी चहा करत होते. (माझ्यावर तेवढंच सोपवलं होतं.) काहीजणी हसल्या, काहींनी फोन उचलला नाही, दोघींनी गणपतीच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्या दोघींची नावं सांगताना आईचा आवाज जरा बसला, तेव्हा मला पहिल्यांदा खरंच लाज वाटली. लालबागच्या कांबळे मॅडमची तक्रार मात्र वेगळी होती. त्यांना आलेल्या मेलमध्ये नुसतं "प्रिय कांबळे लालबाग" होतं. आठ वर्षं येतेय, माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, आठ वर्षांत तुमचं माप अर्धा इंचही हललं नाही, लिहू काय? त्यांनी हे लगेच अख्ख्या इमारतीला सांगितलं म्हणे.

सोमवारी दुपारी परळच्या राणेबाई स्वतःच आल्या. मी शाळेत रजा टाकून घरीच होते. राणेबाई बँकेत अधिकारी, जेवणाच्या सुट्टीत टॅक्सी करून आल्या होत्या. त्यांनी मेल छापून आणला होता. तो त्यांनी कापायच्या टेबलावर ठेवला. प्रिय राणे परळ पोट आत घेते दीड इंच जास्त धरणे.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो," आई म्हणाली.

"म्हणजे आठ वर्षं तुम्ही दीड इंच जास्त धरताय?"

"सुरुवातीला एकच होता."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. राणेबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"मला वाटत होतं, माझी कंबर अजून तीच आहे," त्या म्हणाल्या. "ऑफिसात सगळ्यांना सांगायची मी."

 आईने टेप गळ्यातून काढला. राणेबाई उठून उभ्या राहिल्या.

"घ्या माप. आज मी श्वास सोडणार आहे."

माप घेताना दोघी कशाला तरी हसल्या, आकडा मला कळला नाही. राणेबाईंनी एक हिरवी साडी सांगितली आणि बँकेतल्या दोघींना पाठवते म्हणाल्या.

आता नवं दुकान सुरळीत चालतं. प्रसादने जर्मनीतून अर्ध्या तासात ते सगळं नीट करून दिलं आणि मला एका शब्दानेही बोलला नाही, हेच जास्त लागलं. आईच्या खुणा एका जाड वहीत गेल्यात. संगणक बाबा चालवतात. माझ्याकडे दुकानातलं एकच काम उरलंय, साड्यांना हुक लावायचं. मी लावते, आणि मी खोलीबाहेर गेले की आई प्रत्येक हुक एकदा ओढून बघते.