त्याच आकड्याची मुलगी

"यंत्रातलं पोर रोज वाढवतेस, आणि खरं जे गेलं, त्याच्यासाठी एक लाळेरं बांधवत नाही," आई म्हणाली.

"खरं काय ते मला नका शिकवू," नागिसा म्हणाली.

तिच्यापुढचा भात निवला होता. तिचा नवरा, म्हणजे माझा भाऊ तोमोहारु, मान खाली घालून मुळ्याचं लोणचं चावत होता. आईने शिवलेलं लाल लाळेरं मध्ये पडलं होतं. न जन्मलेल्या लेकरांसाठी देवळातल्या जिझो देवाच्या दगडी मूर्तीच्या गळ्यात बांधतात, तसलं. नागिसाची मुलगी पोटातच गेली होती. पाठीचा कणा उघडा राहिला होता. लाळेरं एकदा बांधलं की पुढच्या नातवंडाचं बोलता येईल, हा आईचा हिशेब.

नागिसा आवाजी बेटावरच्या कांदेवाल्याची मुलगी. बोलणं बेताचं. कोबेच्या प्रयोगशाळेत ती प्रोग्रॅम लिहिते. त्यात पडद्यावर गर्भ वाढतो. पेशी दुभंगतात, एकमेकींना रेटतात, पाठीवर पन्हळ पडते आणि कडा जुळून तिची नळी होते. ही पन्हळ कधी कधी का मिटत नाही, हेच शोधायचं तिचं काम. आणि तिच्याच पोटात तसं व्हावं. शेजारणींना बोलायला तेवढं पुरलं.

"पण आकडा तरी बदल ना," तोमोहारु म्हणाला. "तोच आकडा देऊन सुरू केलं, तर तोच गर्भ वाढणार. तूच सांगितलंयस."

प्रोग्रॅमला सुरुवातीला द्यायचा आकडा म्हणून तिने स्वतःच्या बाळंतपणाची ठरलेली तारीख घातली होती. पन्हळ दर वेळी त्याच जागी उघडी राही.

"काल मिटली," नागिसा म्हणाली.

आईचा हात वाटीवरच राहिला.

"आकडा तोच ठेवला. पेशींचा चिकटपणा फक्त जरासा वाढवला. मग जुनी आणि नवी शेजारी ठेवून पाहिली. पाठ बरी झाली, पण बाकीचंही सगळं बदललं. एकही पेशी जागच्या जागी नाही. ती दुसरीच कुणी होती, आई."

"दुसरी तर दुसरी," आई हळूच म्हणाली. "मी वेगळं काय सांगतेय? पुढच्या वर्षी..."

नागिसाने लाळेरं उचललं, घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवलं.

"रविवारी मी देवळात येते. हे मीच बांधीन," ती म्हणाली. "पण तिच्या जागी दुसरी नको. मला आता मूल नको. तोमोहारु, तूही ऐकून ठेव."