शेवटच्या दोन थापा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. देवावर माझा विश्वास आहे, पण बाकीच्या गोष्टींवर कधीच नव्हता. गणेश चवथीला घरी परतणाऱ्यांचं, मी लिहिलेलं आणि गायलेलं ते गाणं दरवर्षी गोव्यातल्या बसमधून वाजतं... त्यामागची खरी गोष्ट लोक विचारतात, म्हणून लिहितो.

आमचं घर पेडण्याजवळच्या खेड्यात. थोरला भाऊ बाबलो डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा, चवथीला मात्र घरी यायचाच. आरतीला घुमट, म्हणजे मडक्याला चामडं ताणलेलं ते वाद्य, त्याचा. आई तेव्हा आत करंज्यांसारख्या नेवऱ्या तळत असायची, म्हणून आरती संपली की तो दोन जादा थापा द्यायचा — एक जोरात, एक हळू. ते तिला बोलावणं. मग "इलंय रे, दम धर" म्हणत ती हात पुसत यायची आणि गणपतीला ओवाळायची. गणपतीपेक्षा आईचाच मान मोठा, अशी सगळे चेष्टा करायचे.

बाबलो ट्रकच्या अपघातात गेला. पुढच्या चवथीला आईने नैवेद्य सगळा केला, पण ओवाळायला आली नाही. बोलवायला गेलो, तर कढईकडे बघत म्हणाली, "माका हाक मारणारो गेलो." त्यानंतरच्या वर्षीही तेच. तिने देवाशी धरलेला हा अबोला माझ्या जिवाला लागला आणि त्यातूनच गाणं झालं. थापांबद्दल मात्र मी त्यात काही लिहिलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं.

रेकॉर्डिंग पणजीला, भर दुपारी. घुमटवाला वाळपईचा, आमच्या घरातलं कुणी त्याला ठाऊक नाही. टेप ऐकली, तर शेवटी दोन थापा — एक जोरात, एक हळू. घुमटवाला म्हणाला, "तुमचो आवाज थांबलो, तेन्नाच हांव थांबलों." रेकॉर्डिंगवाल्यानेही तेच पाहिलं होतं.

त्या चवथीला आरतीनंतर घरी कॅसेट लावली. गाणं संपलं, थापा वाजल्या... आणि आतून आवाज आला, "इलंय रे बाबल्या, दम धर." आई ताट घेऊन बाहेर आली. आम्ही सगळे रडत होतो, ती नाही.

आता घुमट मी वाजवतो. त्या दोन थापा माझ्याने होत नाहीत, हातच उचलत नाही. कॅसेटही आम्ही घरी लावत नाही. आरती संपते, सगळे गप्प होतात — आणि आई आतून म्हणते, "इलंय रे." मग ताट घेऊन येते. तिला काय ऐकू येतं, मला माहीत नाही. विचारायचा धीर अजून झालेला नाही.